अर्ध्यावर सुटलेली इंग्रजी

मुलाला कुठल्या माध्यमात घालायचं, हा वाद मराठी घरांत दरवर्षी शाळाप्रवेशाच्या दिवसांत नव्याने पेटतो. त्याच्या जोडीला दुसरा वाद असतोच: मराठी शाळेत इंग्रजी कितवीपासून असावी? पहिलीपासून, पाचवीपासून की आठवीपासून? या दोन प्रश्नांपायी सरकारांनी धोरणं फिरवली, साहित्यिकांनी पत्रकं काढली, संस्था कोर्टाच्या पायऱ्या चढल्या. या गदारोळात तिसरा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. इंग्रजीच्या तासाला मूल नेमकं काय करतं आणि शाळा सुटते तेव्हा त्याच्या पदरात काय पडलेलं असतं?

हा प्रश्न नेमक्या शब्दांत मांडला गेला तो बंगालमध्ये. मायकेल वेस्ट हे इंग्रज शिक्षणतज्ज्ञ तेव्हा ढाक्याला शिक्षक घडवण्याचं काम करत. बंगालमधल्या द्विभाषिकतेवर १९२६ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्यांनी विम्याच्या धंद्यातली एक कल्पना शिक्षणाला लावली. पॉलिसी मुदतीआधी मोडली तर हातात येते ती सरेंडर व्हॅल्यू. वेस्ट यांचं म्हणणं असं की बहुतेक मुलं शाळा मध्येच सोडतात, पण इंग्रजीचा अभ्यासक्रम मात्र सगळी मुलं शेवटपर्यंत टिकणार असं धरून आखलेला असतो. तीन-चार वर्षं हप्ते भरून बाहेर पडणाऱ्या मुलाला परत काहीच मिळत नाही. धड वाचता येत नाही, धड बोलताही येत नाही. यावर वेस्ट यांचा उपाय होता आधी वाचन, तेही मोजक्या आणि वारंवार भेटणाऱ्या शब्दांत. त्यातूनच त्यांची ‘न्यू मेथड’ वाचनमाला आली आणि १९५३ मध्ये रोजच्या वापरातल्या सुमारे २,००० शब्दांची त्यांची प्रसिद्ध यादीही.

महाराष्ट्रातल्या इंग्रजी शिक्षणाचा जमाखर्च या मापाने मांडला, तर कितवीपासून आणि कुठल्या माध्यमातून हे वाद बरेच लहान दिसू लागतात.

मॅट्रिक किंवा काहीच नाही

बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ मध्ये ‘दर्पण’ काढलं तेव्हा त्यात मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी छापला जाई. १८३५ मध्ये इंग्रजी शिक्षणाचा पुरस्कार करणारं मेकॉलेचं टिपण आलं, १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ निघालं आणि इंग्रजी ही सरकारी नोकरीची किल्ली झाली. पण नोकरी हे एकच कारण नव्हतं. सावित्रीबाई फुल्यांनी १८५४ च्या ‘काव्यफुले’मध्ये इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला तो जातीच्या जोखडातून सुटण्यासाठी. इंग्रजीला ‘वाघिणीचं दूध’ म्हणणारे म्हणून ओळखले जाणारे विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी नोकरी सोडून बाहेर पडले आणि जानेवारी १८८० मध्ये त्यांनी टिळकांच्या साथीने पुण्यात शाळा सुरू केली, तिचं नाव न्यू इंग्लिश स्कूल. रमाबाई रानडे यांना घरातल्या बायकांची बोलणी खात इंग्रजी शिकावी लागली, हे त्यांच्या आठवणींत सविस्तर आलं आहे. पोट, विचार आणि सुटका या तिन्ही अपेक्षा इंग्रजीकडून तेव्हापासून आहेत आणि आजही आहेत. दलित विचारवंत चंद्रभान प्रसाद यांनी २०१० मध्ये उत्तर प्रदेशातल्या बांका गावी इंग्रजीदेवीचं मंदिर उभारायला घेतलं, त्यामागे हीच तिसरी अपेक्षा होती.

शिकवण्याची रीत होती व्याकरण आणि भाषांतराची. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला मराठी मुलांच्या पिढ्यांनी गिरवली: नियम, शब्दार्थ, मराठी वाक्यांची इंग्रजी, इंग्रजीची मराठी. या रीतीला आज सर्रास नावं ठेवली जातात. पण तिचा एक गुण विसरू नये. भाषांतर हाच ज्यांचा हेतू होता त्यांना तिने भरपूर दिलं. आगरकरांनी ‘हॅम्लेट’चं ‘विकारविलसित’ केलं, त्यामागे हीच तालीम होती. अडचण बाकीच्यांची होती. वाटेत गळालेल्याला ‘नॉनमॅट्रिक’ म्हणत. त्याला किती इंग्रजी येते याची मोजदाद कुणी करत नसे. किती येत नाही हे त्या एका शब्दात सांगून टाकलं जाई.

पद्धतींची वारी

भाषांतराला पहिला मोठा पर्याय युरोपातून आला. मातृभाषा मध्ये न आणता वस्तू, कृती आणि संवाद यांतून नवी भाषा शिकवायची, ही ‘डायरेक्ट मेथड’. तिचा भारतीय शाळांसाठी हिरीरीने पुरस्कार करणाऱ्यांत पर्सिव्हल रेन होते. हे गृहस्थ मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात होते आणि ‘बो जेस्ट’ ही गाजलेली कादंबरीही त्यांचीच. गंमत अशी की आपल्याकडे त्यांचं नाव टिकलं ते ‘रेन अँड मार्टिन’ या जाडजूड व्याकरणाच्या पुस्तकामुळे. संवादाचा पुरस्कार करणारा माणूस घरोघरी पोचला तो नियमांच्या पुस्तकातून.

स्वातंत्र्यानंतर ‘स्ट्रक्चरल’ पद्धत आली. वाक्यांचे साचे सोप्याकडून अवघडाकडे लावायचे आणि घोटून घ्यायचे. ‘धिस इज अ पेन, दॅट इज अ बुक’ हे ज्यांनी एका सुरात म्हटलं आहे त्यांनी तिचा प्रसाद घेतला आहे. १९५८ मध्ये हैदराबादला इंग्रजी अध्यापनाची केंद्रीय संस्था निघाली आणि शिक्षक प्रशिक्षणात हेच साचे गेले. शिकवायला सोयीची, तपासायला सोपी अशी ही पद्धत. पण साचे पाठ असलेल्या मुलाला बसच्या रांगेत एक वाक्य जुळवता येत नसे.

या कोंडीवर जगभर दखल घेतली गेलेला एक भारतीय प्रयोग झाला तो बंगळुरूला. भाषाशिक्षणतज्ज्ञ एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या काही शाळांत साचे आणि व्याकरण बाजूला ठेवलं आणि मुलांना कामं दिली: रेल्वेचं वेळापत्रक वाचणं, नकाशावरून वाट सांगणं, दिलेल्या माहितीवरून अंदाज काढणं. उदाहरणार्थ, मद्रासला दुपारी पोचायचं असेल तर कुठली गाडी धरावी? शिक्षक एक काम वर्गासोबत मोठ्याने सोडवायचे, मग तसंच दुसरं काम प्रत्येकाने आपापलं करायचं. मुलाचं लक्ष उत्तराकडे असतं आणि भाषा त्या ओघात मुरते, अशी त्यामागची धारणा. भाषाशिक्षणातली आजची ‘टास्क’ची चळवळ प्रभूंच्या या कामाशी आपलं नातं सांगते. पुढे १९९० मध्ये प्रभूंनीच एका लेखात सगळीकडे लागू पडेल अशी सर्वोत्तम पद्धत नसते असा मुद्दा मांडला. शिकवणाऱ्याला आपण काय करतो आहोत आणि का, याची जिवंत जाण असणं त्यांना अधिक मोलाचं वाटलं.

त्याच सुमारास संवादाधारित पद्धत जगभर पसरली आणि कालांतराने आपल्या पाठ्यपुस्तकांतही उतरली. संभाषणाचे तुकडे, जाहिराती, पत्रं, माहितीचे तक्ते पुस्तकात आले. परीक्षा मात्र लेखीच राहिली. मग संभाषणही पाठ होऊ लागलं.

पाचवी, आठवी, पहिली

पद्धतींच्या या वारीशी सरकारी धोरणाचा फारसा संबंध कधी आला नाही. ते एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिलं. १९३७ च्या वर्धा योजनेत सात वर्षांचं शिक्षण मातृभाषेत होतं आणि त्यात इंग्रजी नव्हती. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात इंग्रजी आठवीवर ढकलली गेली. १९५४ मध्ये त्या सरकारने आणखी पुढचं पाऊल टाकलं: इंग्रजी माध्यमाच्या वर्गांत अँग्लो-इंडियन आणि आशियाई वंशाचे नसलेले नागरिक सोडून इतरांना प्रवेश देऊ नये. नाशिकजवळच्या देवळालीतल्या बार्न्स हायस्कूलचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि त्याच वर्षी तो आदेश रद्द ठरला. महाराष्ट्र राज्य झाल्यावर इंग्रजी पाचवीत स्थिरावली. २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, ती पहिलीत आली. मग ‘सेमी’ पसरलं, म्हणजे शाळा मराठी पण गणित-विज्ञान इंग्रजीतून.

शेजारीही हेच चाललं आहे. गोव्याने १९९० मध्ये प्राथमिक शाळांचं अनुदान मराठी-कोकणीपुरतं ठेवलं. २०११ मध्ये ते इंग्रजी शाळांना देण्याचा निर्णय झाला आणि मोठं आंदोलन उभं राहिलं. प्राथमिक शाळांवर मातृभाषेचं माध्यम सरकारला लादता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकच्या प्रकरणात २०१४ मध्ये सांगितलं. आंध्र प्रदेशने २०१९ मध्ये सरकारी शाळा सरसकट इंग्रजी माध्यमाच्या करायला घेतल्या, तर २०२० मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. इंग्रजी माध्यमाची सक्ती आणि मातृभाषेच्या माध्यमाची सक्ती, दोन्ही कोर्टात तग धरत नाहीत. पालक मात्र कोर्टाची वाट न पाहता फी भरून मोकळे होतात.

लवकर म्हणजे चांगलं?

‘लहानपणी भाषा पटकन येते’ या समजावर पहिलीपासूनच्या इंग्रजीची सारी मदार आहे. रस्त्यावर, अंगणात, घरात जी भाषा दिवसभर कानांवर पडते तिच्याबाबत तो खरा आहे. आठवड्यातल्या काही तासांच्या भाषेबाबत पुरावा वेगळं सांगतो. इंग्लंड-वेल्समध्ये प्राथमिक शाळांत फ्रेंच शिकवण्याचा मोठा प्रयोग झाला. त्याच्या १९७४ च्या अहवालात लवकर सुरुवात केलेल्यांना अपेक्षित आघाडी दिसली नाही. बार्सिलोनात इंग्रजीवर झालेल्या दीर्घ अभ्यासात तेवढ्याच तासांत मोठी मुलं लहानांपेक्षा जास्त शिकलेली आढळली. वर्गातलं शिकणं बरंचसं जाणून-समजून होतं आणि त्याला थोडी वाढलेली समज उपयोगी पडते. लहान वयाचा फायदा उचलायचा तर तासही तितके जास्त हवेत आणि कानांवर पडणारी भाषाही तितकी अस्सल हवी.

आता आपले तास मोजू. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीला वर्षाचे किमान २०० दिवस ठरवले आहेत. रोज ३५ मिनिटांची एक तासिका धरली तर वर्षाला सुमारे ११६ तास होतात आणि दहा वर्षांत ११०० च्या वर जातात. युरोपीय मोजपट्टीवर स्वतंत्रपणे काम निभावण्याइतकी, म्हणजे ‘बी-टू’ पातळीची इंग्रजी यायला मार्गदर्शनाखालचे साधारण ५०० ते ६०० तास लागतात असा केंब्रिजच्या परीक्षामंडळाचा अंदाज आहे. म्हणजे कागदावर आपल्याकडे वेळ दुप्पट आहे. प्रत्यक्षात ‘असर’ या शैक्षणिक पाहणीत २०२२ साली ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या २४.५ टक्के मुलांना इंग्रजी वाक्य वाचता आलं, आठवीच्या ४६.७ टक्क्यांना. २०२३ ला १४ ते १८ वयोगटाची पाहणी झाली, त्यात ५७.३ टक्के मुलांनी वाक्यं वाचली, पण वाचणाऱ्यांतल्या साधारण चौथ्या हिश्शाला अर्थ सांगता आला नाही. इतके तास मग जातात कुठे?

तासाच्या आत

एक नेहमीची तासिका घेऊ. धड्यात वाक्य आहे: ‘द ओल्ड मॅन वॉज सिटिंग अंडर अ बनियन ट्री.’ सर वाचतात आणि मराठीत सांगतात, म्हातारा वडाच्या झाडाखाली बसला होता. फळ्यावर शब्दार्थ: बनियन म्हणजे वड. मुलं उतरवून घेतात. धड्याखाली प्रश्न: ‘व्हेअर वॉज द ओल्ड मॅन सिटिंग?’ मूल प्रश्नातले शब्द धड्यात शोधतं, ते वाक्य सापडलं की उतरवतं. गुण पूर्ण.

हे उत्तर देताना इंग्रजी कळायची गरज पडली का, हे तपासायची एक सोपी युक्ती आहे. वाक्यातले शब्दच निरर्थक करून टाका: ‘द ग्लोप वॉज मिबिंग अंडर अ ट्रॅब.’ प्रश्न: ‘व्हेअर वॉज द ग्लोप मिबिंग?’ उत्तर हजर: ‘अंडर अ ट्रॅब.’ ग्लोप म्हणजे काय हे कुणालाच माहीत नाही, तरी गुण मिळतात. आपल्या स्वाध्यायांचा आणि गाईडांचा बराच डोलारा असल्या प्रश्नांवर उभा आहे. बोलण्याची गत याहून वाईट. चाळीस मुलांच्या वर्गात शिक्षक एक शब्दही न बोलता सगळा वेळ मुलांना वाटून देईल, तरी एकेकाच्या वाट्याला मिनिटसुद्धा येत नाही. जोड्या लावून सगळ्यांना एकाच वेळी बोलायला लावलं तर वेळ मिळतो, पण मग वर्गात गोंगाट होतो आणि गोंगाट म्हणजे शिक्षकाचा वर्गावर ताबा नाही, अशी शाळेची समजूत.

मराठीचा या तासातला वापरही बहुतेकदा वाया जातो. धड्याची ओळीमागून ओळ मराठीत सांगितली की मूल मराठी ऐकतं आणि इंग्रजी सोडून देतं. उलट, जिथे मराठी खरी उपयोगी पडेल तिथे तिला कुणी बोलावत नाही. मला दोन भाऊ आहेत, मला भूक लागली, मला पोहता येतं, मला आंबा आवडतो, मला घरी जायचं आहे. मराठीत सगळीकडे ‘मला’. इंग्रजीत मात्र ‘आय हॅव’, ‘आय ॲम हंग्री’, ‘आय कॅन स्विम’, ‘आय लाइक’, ‘आय वॉन्ट टू गो’. ही पाच वाक्यं शेजारी शेजारी मांडली तर महिनाभराच्या चुका दहा मिनिटांत समजतात. ‘काल मी गेलो होतो’चं ‘आय हॅड गॉन यस्टरडे’ का होतं, ‘अ’ आणि ‘द’ हमखास का गळतात, हेही मराठीच्या शेजारी ठेवलं की उलगडतं. भाषांतराच्या जुन्या रीतीत हे शहाणपण होतं. ती टाकताना तेही गेलं.

शिवाय प्रत्येक वर्गाची मराठीही सारखी नसते. नंदुरबारच्या सातपुड्यात घरी पावरी किंवा भिली बोलणाऱ्या, भामरागडला माडिया बोलणाऱ्या मुलाला शाळेतली मराठीच नवी असते. पुण्याच्या मुलाला इंग्रजी पाट्यांवर, टीव्हीवर, शेजाऱ्यांच्या बोलण्यात भेटते. सातपुड्यातल्या मुलाला ती फक्त पुस्तकात भेटते. एकाच राज्यात, एकाच पुस्तकातून, एकाला दुसरी भाषा शिकवली जाते आणि दुसऱ्याला पूर्ण परकी.

इंग्रजी माध्यमाने हे सुटतं का? या शाळांचं समर्थन करताना कॅनडाचा दाखला दिला जातो. १९६५ पासून तिथे इंग्रजीभाषक मुलांना फ्रेंचमधून शिकवण्याचे वर्ग चालतात आणि ते यशस्वी ठरले. पण तिथल्या शिक्षकांना दोन्ही भाषा उत्तम येत, मुलांची घरची भाषा मजबूत होती आणि समाजात मानाचीही. तरीही ती मुलं ऐकण्या-वाचण्यात तरबेज आणि बोलण्या-लिहिण्यात कच्ची राहतात, असं भाषाशिक्षणाच्या अभ्यासक मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये दाखवून दिलं, कारण त्यांना स्वतः भाषा घडवायची वेळ कमी येत होती. गल्लीतल्या इंग्रजी शाळेत तर शिक्षकाचीच इंग्रजी बेताची असते. मग विज्ञान पाठांतराने आणि इंग्रजी अर्धवट, असा दुहेरी तोटा होतो.

काय चालतं

या सगळ्यातून काही गोष्टी बऱ्या खात्रीने सांगता येतात. पहिली, भरपूर सोपं वाचन. फिजीमधल्या ग्रामीण शाळांत संशोधक वॉरविक एली आणि फ्रान्सिस मांगुभाई यांनी वर्गांना अडीचशे रंजक इंग्रजी गोष्टींची पुस्तकं दिली. त्या मुलांची वाचन आणि श्रवणातली प्रगती नेहमीच्या दुप्पट वेगाने झाली. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेला हा प्रयोग स्वस्त आहे आणि आपल्याकडे सहज करता येण्याजोगा आहे. वेस्ट यांच्या यादीतल्या २,००० शब्दांत सर्वसाधारण मजकुराचे सुमारे ८० टक्के शब्द येतात, पण कादंबरी किंवा वर्तमानपत्र आधाराविना वाचायला ८,००० ते ९,००० शब्दकुळं (एका मूळ शब्दाची सगळी रूपं मिळून एक कुळ) लागतात, असं शब्दसंग्रहाचे अभ्यासक पॉल नेशन यांचं गणित आहे. इतके शब्द कुठलंही पाठ्यपुस्तक शिकवू शकत नाही. ते पुस्तकांच्या ढिगातच भेटतात.

दुसरी, मातृभाषेतलं वाचन आधी पक्कं होणं. अक्षरातून अर्थ काढायची सवय एकदा लागली की ती दुसऱ्या भाषेतही चालते. मराठी परिच्छेदाचा अर्थ न लागणारं मूल इंग्रजी परिच्छेदातही अडकतं. ‘सी-ए-टी कॅट’ असं स्पेलिंग पाठ करण्याऐवजी अक्षरांचे आवाज जोडायला शिकवलं, तर देवनागरी जोडून वाचणाऱ्या मुलाला ते चटकन जमतं. तिसरी, परीक्षा. धड्याबाहेरचा उतारा आणि खरोखर घेतलेली तोंडी परीक्षा आली की वर्ग आपोआप बदलतो. तोंडीचे गुण सध्या अनेक ठिकाणी हजेरीसारखे वाटले जातात.

चौथी आणि कळीची गोष्ट शिक्षक. दोन शिक्षकी झेडपी शाळेत एकाच गुरुजींना दोन-तीन वर्ग आणि सगळे विषय सांभाळावे लागतात. त्यांना इंग्रजी बोलायची संधी ना वर्गात, ना गावात. तीन दिवसांच्या प्रशिक्षणाने ती येत नाही. महाराष्ट्रात ब्रिटिश कौन्सिल आणि टाटा ट्रस्ट्सच्या साथीने ‘तेजस’ प्रकल्पात शिक्षकांचे छोटे गट नेमाने भेटू लागले, एकमेकांशी इंग्रजीत बोलू लागले, वर्गात काय जमलं ते सांगू लागले. ही वाट हळू चालते, पण ती शिक्षकाला शिकणारा मानते.

आणि फोन. एकेकाळी ‘फाडफाड इंग्लिश’साठी रॅपिडेक्सचं पुस्तक आणि चौकातला क्लास होता. आता ‘असर’च्या त्याच २०२३ च्या पाहणीत जवळपास नव्वद टक्के किशोरांच्या घरी स्मार्टफोन होता. ऐकायला अस्सल इंग्रजी आणि उच्चार तपासून देणारं यंत्र गावागावांत पोचलं आहे. पण रील पाहणं आणि भाषा ऐकणं यांत फरक आहे. काय ऐकायचं, त्यावर काय बोलायचं, हे कुणीतरी लावून द्यावंच लागतं.

हिशेब कसा मागावा

वेस्ट यांचा प्रश्न शंभर वर्षांनीही आपल्याला अभ्यासक्रमाकडे नीट बघायला लावतो. चौथीनंतर इंग्रजी सुटली तर मुलाला दुकानाची पाटी, औषधाचं वेष्टन आणि गोष्टीचं लहान पुस्तक वाचता यावं. सातवीनंतर सुटली तर सोप्या सूचना वाचून यंत्र चालवता यावं, स्वतःबद्दल पाच-सहा वाक्यं न अडखळता बोलता यावीत. दहावीनंतर सुटली तर अर्ज लिहिता यावा, अनोळखी मजकुराचा गाभा कळावा आणि मुलाखतीत चूक झाली तरी बोलणं पुढे नेता यावं. टप्प्याटप्प्याला असा परतावा ठरवला, तर इंग्रजी पहिलीपासून की पाचवीपासून हा वाद आपोआप दुय्यम होतो. ज्या वर्गापासून शिक्षक, पुस्तकं आणि तास खरोखर देता येतील त्या वर्गापासून ती सुरू करावी.

पालकांनीही शाळेत माध्यम विचारण्याआधी तीन प्रश्न विचारायला हरकत नाही. या वर्षात माझं मूल पाठ्यपुस्तकाबाहेरची किती इंग्रजी पुस्तकं वाचणार? तासाला ते स्वतः किती बोलणार? आणि त्याला शिकवणाऱ्या बाईंना इंग्रजीचा सराव ठेवायला शाळा काय मदत करते? या प्रश्नांना जी शाळा सरळ उत्तर देईल ती मराठी असो वा इंग्रजी, तिथे मुलाच्या पदरात काहीतरी पडेल.